हॉलच्या जाळीतला श्वास

अन्याय झाला तो आम्हाला योग शिकवणाऱ्या मावशींवर. मंगळवारी, सकाळी पावणेसहाला, बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलसमोर. वर्षानुवर्षं त्या ज्या कुलपाला चावी लावत आल्या ते कुलूप बदललेलं होतं आणि दारावर कमिटीचा कागद होता: अंधश्रद्धा पसरवल्याबद्दल योगवर्ग बंद. मावशींनी कागद वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, चटईची गुंडाळी काखेत मारली आणि राई गावातल्या घरी जायला बस स्टॉपकडे निघून गेल्या. आम्ही अकरा बायका तिथे उभ्या होतो. एकीनेही तोंड उघडलं नाही. माझं गप्प राहणं बाकीच्या दहा जणींपेक्षा जास्त नीच होतं, कारण ते कुलूप माझ्या पत्रकामुळे बदललं होतं.

पत्रकं लिहिणं हे माझं काम. पाण्यासाठी, कचऱ्याविरुद्ध, तिवरं तोडणाऱ्यांविरुद्ध. घोषणा देऊन देऊन घसा बसला तेव्हा डॉक्टर म्हणाले, श्वास वरवरचा घेतेस, आधी तो घ्यायला शीक. म्हणून मी हॉलमध्ये गेले. योग म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, हे मत बरोबर घेऊनच गेले.

मावशींकडे सगळं हळू. चार अंकांत श्वास आत, आठ अंकांत बाहेर, आणि तेवढ्यात एकच हालचाल. हात वर न्यायला एक श्वास, कमरेतून वाकायला दुसरा. एक सूर्यनमस्कार पुरा होईस्तोवर बाहेरच्या रस्त्याने तीन बस निघून जायच्या. पहिल्या आठवड्यात मला ओरडावंसं वाटायचं. मी मध्येच उठले तर मावशी डोळे न उघडता विचारायच्या, घाई हाय काय? मग जा. मी खाली बसायचे.

शेवटी शवासन. कोपऱ्यात फरशी धुतलेलं पाणी जायची जाळी होती. मावशी तिच्याशेजारी उदबत्ती लावायच्या आणि मोठ्याने मोजणं थांबवायच्या. पुढचं आम्ही मनात मोजायचं. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात मला पहिल्यांदा ऐकू आलं. सगळ्यांनी श्वास सोडून संपवला, पुढचा घ्यायच्या आधी थांबलो, हॉल निपचित झाला, आणि एक श्वास अजून चालूच होता. पंखे बंद होते. लांब, ओलसर, शेवटाकडे किंचित खरखर असलेला. आठापर्यंत गेला आणि थांबला. मी मान वळवून बायका मोजल्या. अकरा, आणि मावशी. सगळ्यांची पोटं स्थिर होती.

चपला घालताना मी तिसऱ्या मजल्यावरच्या गुजराती बेनना विचारलं. त्यांना काहीच नवल वाटलं नाही.

"नीचेवाला ना? तो रोज येतो," त्या म्हणाल्या. "फक्त मेंटेनन्स भरत नाही."

बायका हसल्या. आमच्या हॉलखाली मजला नाही.

त्या दिवसापासून मी उदबत्तीकडे बघायला लागले. काही सकाळी धूर वाकून जाळीत शिरायचा, तुटायचा, पुन्हा शिरायचा, खालून कोणी ओढून घेत असल्यासारखा. काही सकाळी जाळीतूनच हवा वर यायची आणि धूर आमच्या तोंडावर यायचा. त्या हवेला चिखलाचा आणि मिठाचा वास असे. मग एकदा, कपाळ जमिनीला टेकलेलं असताना, माझ्या लक्षात आलं की मावशी आकडे मनाने म्हणत नाहीत. त्यांचा कान जाळीकडे असतो. इतके महिने आम्ही अकरा जणी खालच्याच्या मोजणीवर श्वास घेत होतो. त्या सकाळी वर्ग सुटल्यावर मी मागे थांबले.

मी मावशींना एकटं गाठलं. चटया गुंडाळता गुंडाळता त्यांनी सांगितलं ते असं. सासर राईचं, पण माहेरचं मिठागर इथे होतं, आणि खाडीचा एक फाटा बरोबर या हॉलखालून जायचा. भरतीला बांधातलं लाकडी दार उघडून पाणी आत घ्यायचं, पुरेसं झालं की दार खाली सोडायचं. घरात घड्याळ नव्हतं, म्हणून वडील या पोरीला बांधावर बसवून श्वास मोजायला लावायचे. योग त्या खूप पुढे शिकल्या, नवऱ्याच्या दम्यापायी. मोजणं आधीपासूनच येत होतं. इमारत झाली तेव्हा फाटा बुजवलाच नाही, वरून नुसता स्लॅब टाकला. भरतीचं पाणी आत शिरलं की आतली हवा जाळीतून बाहेर पडते, ओहोटीला आत ओढली जाते.

मी म्हटलं, भरतीला सहा तास लागतात मावशी. हे आठ अंकांत कसं होतं?

त्यांचे हात थांबले. "ते मला पन ठाव न्हाय. मी आली तवा चार होतं. आता आठ हाय. कोनाला बोलू नको पोरी. आधी मोज. वरीसभर मोज."

मी दोन दिवस मोजलं. तिसऱ्या दिवशी पत्रक छापलं. मथळा दिला: आपल्या इमारतीखाली खाडी श्वास घेते आहे. खाली मावशींचं सगळं सांगणं, त्यांच्या वयासकट, माहेरासकट. आणि माझ्या पदरचं एक वाक्य: इमारत खचणार. प्रत्येक दाराखालून एकेक प्रत सरकवली आणि मी लोक खवळायची वाट बघत बसले. खवळलेही, पण मावशींवर. सेक्रेटरींनी मला लिफ्टमध्ये गाठलं. आवाज चढवला नाही.

"मॅडम, ये भूत-वूत मत फैलाओ. कल किसी को फ्लॅट बेचना हो तो कौन लेगा?"

मग इंजिनिअर बोलवा, मी म्हटलं. त्यावर ते म्हणाले की इंजिनिअर आला की रिपोर्ट येतो, आणि रिपोर्ट आला की तो ठेवावा लागतो. कॉलेजपासून मी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटत आले. कमिटीने माझाच शब्द उचलून दारावर डकवला.

माफी मागायला राईला गेले तेव्हा मावशी ओटीवर सुकट निवडत होत्या. वर बघितलं नाही.

"किती दिस मोजलंस?"

दोन, मी म्हटलं.

"दोन दिसांत हिला बिल्डिंग पडताना दिसली," त्या शेजारी बसलेल्या सुनेला म्हणाल्या, आणि दोघी हसल्या. जमिनीने गिळलं तर बरं, असं मला वाटलं. चहा झाल्यावर त्यांनी चावीची गोष्ट काढलीच नाही. विचारलं एवढंच की जाळी उघडी आहे ना. आहे, मी म्हटलं. "मग ती बुजवू देऊ नको. मला नाय बोलावलं तरी चालंल."

मला तेही जमलं नाही. त्याच आठवड्यात हॉलची जिम करायची म्हणून जाळीत सिमेंट ओतलं आणि वर चकचकीत टाइल्स बसवल्या. मी गवंड्याच्या समोर उभी राहून बोलले. तो म्हणाला, ताई, मला काय सांगता.

आता मी घरीच करते, चौथ्या मजल्यावर, पॅसेजमध्ये चटई टाकून. टाइल्स बसल्याच्या चौथ्या सकाळी शवासनात डोकं बाथरूमच्या दाराकडे होतं. श्वास सोडून थांबले. बाथरूमच्या जाळीतलं पाणी आवाज न करता वर आलं, फरशीला लागलं, जरा वेळ तसंच राहिलं आणि खाली गेलं. मिठाचा वास आला. मी पडल्या पडल्या मोजलं. अकरा.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरून बेनचा फोन आला. आज आवाजात थट्टा नव्हती.

"नीचेवाला ऊपर आला," त्या म्हणाल्या, आणि फोन तसाच चालू ठेवला. आम्ही दोघी पुढच्या श्वासाची वाट बघत राहिलो.

तेव्हापासून रोज मोजते. वहीत फक्त आकडे आहेत. इमारत पडणार असं मी म्हणत नाही, मला माहीत नाही. काल बारा झाले.

आता तुम्ही. उद्या सकाळी पंखा बंद करा, नळ बंद करा, बाथरूमच्या जाळीजवळ जमिनीवर आडवे व्हा. चार अंकांत श्वास घ्या, आठ अंकांत सोडा आणि पुढचा घेऊ नका. ऐका. काही ऐकू आलं तर मोजा, आणि तुमच्या कमिटीसमोर तो आकडा मोठ्याने म्हणा. आमच्या सोसायटीत राहत असाल तर रविवारच्या सभेला या, हॉलमधल्या जाळीवरची टाइल फोडायला लावा, इंजिनिअर बोलवा, आणि हॉलची चावी राईला नेऊन मावशींच्या हातात द्या.