तेमवाने घेतलेलं नाव

एलिफा न्यागोंड्वे आमच्या मिशनच्या दवाखान्यात बाळंतिणींच्या खोलीत झाडलोट करते, आणि मी तिथल्याच चादरी धुते. डोंगरापलीकडच्या वाड्यांतून बायका यायच्या, सोबत सासवा. मूल अडलं की सासू सुनेच्या कानाशी लागायची, "कुणाकडे गेली होतीस? नाव सांग, म्हणजे सुटशील." नवऱ्याशी बेइमानी केली की मूल अडतं, हे आमच्याकडे दूधपितं पोरही जाणतं. अशा सासवांना एलिफा झाडू घेऊन बाहेर काढायची. "चालत्या व्हा! इथे देवाचं आणि डॉक्टरणीचं राज्य आहे." रविवारी चर्चमध्ये सगळ्यांत मोठ्याने गाणारीही हीच.

मग तिची स्वतःची सून तेमवा अडली.

मुलगा लामेक जोहान्सबर्गला खाणीत. नाताळला आला, जानेवारीत परत गेला. तेमवाला कळा लागल्या तेव्हा डॉक्टरीण लांबच्या वाडीवर लसी टोचायला गेलेली. दिवस कलायला आला तरी मूल हलेना. नर्सने फोनवर निरोप धाडला आणि ती पाणी तापवायला गेली. मी चादरी घेऊन आत शिरले, तर एलिफा सुनेच्या उशाशी गुडघे टेकून बसलेली. वाटलं, प्रार्थना करतेय.

"नाव सांग गं पोरी. मी कुणाला सांगायची नाही. नाव सांग."

माझ्या हातातल्या चादरी खाली पडल्या. "एलिफा, तू?"

"तू गप! तुझी सून आहे का ही?"

तेमवा ओरडली, "योतामु! योतामु!" योतामु म्हणजे आमच्या चर्चचा गाणी बसवणारा, दोन पोरांचा बाप. आणि त्याच क्षणी बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. डॉक्टरीण चिखलाने माखलेली तशीच आत आली, हात धुतले, पोट कापलं, मुलगी बाहेर काढली. मुलगी रडली.

एलिफाच्या डोक्याचं त्या दिवसापासून जे भजं झालं ते झालंच. धुण्याच्या दगडावर येऊन बसायची. "नाव घेतलं आणि गाडी आली. नावाने आली का गं?"

"फोनने आली. निरोप गेला होता ना!"

"मग इतका वेळ का नाही आली?"

"चिखलात रुतली होती."

"आणि नाव घेतल्यावरच कशी पोचली?"

मी चर्चला जाते तशी एलिफाही जाते. मेलेल्या आजीसाठी रात्री अंगणात बिअरचे दोन थेंब सांडते, ते मीही सांडते. खरं सांगते, मलाही धड कळेना.

तिने तेमवाला विचारून बघितलं. टाक्यांवर हात धरून पोरगी म्हणाली, "अहो आई, तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं."

"पण खरं की खोटं?"

"दुखत होतं हो. तुम्ही सोडतच नव्हता. मला आता काही विचारू नका."

ना हो, ना नाही. चर्चमध्ये योतामुने हात वर केला की एलिफाची ओळ चुकायची. बाळाचे कान बघायची, मग योतामुचे. कान म्हणजे कान, त्यात काय दिसणार! आणि लामेक निघाल्याचा फोन आला. त्याला नाव सांगितलं तर तो बायकोला तिच्या बापाकडे धाडणार, लग्नात मोजलेल्या गाई परत मागणार, आणि बाळ आपल्या घराण्याचं म्हणून इथेच ठेवून घेणार. नाही सांगितलं तर मुलाशी दगाबाजी. "देवाला विचारलं," एलिफा म्हणाली, "तो बोलतच नाही. आजीलाही विचारलं."

लामेक आला तेव्हा मी त्यांच्याच स्वयंपाकघरात होते. एलिफाने मक्याच्या पिठाची घट्ट सीमा आणि मासळी वाढली. त्याने घाससुद्धा घेतला नाही. बाळाकडे बघितलं, आणि एकदम आईचे पाय धरले.

"आई, माझ्यामुळेच अडलं ना मूल? तिकडे एक बाई आहे. तीन वर्षं झाली. फोन आला तेव्हाच समजलो, हे माझंच पाप."

एलिफा डाव हातात धरून तशीच उभी. मग माझ्याकडे वळून, जणू लामेक तिथे नाहीच, अशी पुटपुटली, "तो म्हणतो त्याच्यामुळे. तिने तर… मग कुणाचं खरं? का दोघांचं? का डॉक्टरीण म्हणते तसं नुसतं कमरेचं हाडच लहान?" मला तिची इतकी कीव आली की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. तिला मात्र रडावं की डाव हाणावा, हेच सुचत नव्हतं.

मधला कूड नावापुरता, पलीकडे सगळं ऐकू जातं. तेमवा आतून आली, पोटाला हात लावत, हात धुवायचं भांडं घेऊन. रीतीप्रमाणे नवऱ्यापुढे गुडघ्यावर बसली. त्या टाक्यांनिशी बसायला तिला किती वेळ लागला! त्याच्या हातांवर पाणी ओतलं आणि शांतपणे म्हणाली, "तिचं नाव सांगा."

लामेकने आईकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" एलिफा म्हणाली. "सांग तिला. पोट तिचं कापलंय, तुझं नाही."