आकारामची बिडी आणि चंद्रीचा पान्हा

आकारामचं जगाशी भांडण होतं आणि त्यात जग कायम चुकीचं असायचं. कोल्हापुरात दूधकट्ट्यावर तो म्हैस आणायचा आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून ग्लास भरायचा. दुधाबरोबर शिव्या फुकट. डोकं चंद्री म्हशीच्या कुशीला टेकलेलं, तोंडात बिडी. अशीच साठी उलटली.

पोरगी क्रांती, नर्स. तिनं पांढऱ्या रश्श्याचं आमिष दाखवून त्याला सीटी स्कॅनच्या मशीनपुढं नेलं.

"मला साधा खोकलाबी न्हाय!"

"म्हणून तर आलोय, आबा. खोकल्याची वाट बघत बसलं की उशीर होतो."

डॉक्टर म्हणाले, "आज फुप्फुसात गाठ नाही. बिडी सोडलीत तर धोका वर्षागणिक उतरेल. पण आत धूर बराच गेलाय, दरवर्षी स्कॅन करायचा. सोडणं अवघड असतं, गोळ्या देऊ?"

"अवघड? मला? गोळ्या तुमच्या पावण्यांस्नी द्या!"

निव्वळ डॉक्टरला खोटं पाडायला आकारामनं बिडी सोडली. आता त्याला जिन्यात धाप लागेना, त्यामुळं तो घरभर फिरून भांडू लागला.

पण चंद्री बिघडली. रेडकू असल्यापासून तिनं हा माणूस बिडीच्या वासानंच ओळखलेला. बिनवासाचा आकाराम कासेला हात लावायला गेला की ती लाथ घालायची. एका सकाळी भरल्या कट्ट्यावर तिनं दुधाची कासंडीच उडवली. गिऱ्हाइकं रिकामे ग्लास धरून हसायला लागली.

"म्हशीला नवा नवरा पसंत न्हाय!" जुना बिडीसोबती केरबा ओरडला आणि त्यानं बिडी पुढं केली. "वढ दोन झुरकं, मरदा. देती बघ पान्हा."

आकारामनं बिडी घेतली. ओठात धरली. काडी ओढली.

बायको चिमणाबाई कट्ट्यावरच चंद्रीपुढं वैरण टाकत होती. ती तिथूनच कडाडली, "पेटीव की! आणि आजपासनं चंद्रीसंगंच संसार कर. तुझ्या उशाला बसून खोकला मोजायला मी मोकळी न्हाय!"

"मग धार कोण काढणार? तुझा बा?"

"मी. घरात तिची वैरण कोण बघतंय?"

साऱ्या कट्ट्यादेखत बायकोला आपल्या जागेवर बसवायचं! आकारामचा चेहरा लवंगी मिरचीसारखा झाला. काडी बोटापर्यंत जळत आली. त्यानं ती झटकली, बिडी केरबाच्या खिशात कोंबली आणि कासंडी चिमणाबाईच्या हातात आदळली.

"बस. बघू काय दिवं लावतीस."

चिमणाबाईनं चुचकारलं. चंद्रीनं मुकाट पान्हा सोडला. कट्टाभर शिट्ट्या झाल्या.

"दादा, मालकीण झकास हाय की!" केरबा म्हणाला.

"तोंड बंद कर आणि ग्लास सरळ धर, भाड्या," आकाराम गुरगुरला. "आणि पुढच्या वर्षी त्या स्कॅनच्या मशीनीत तुलाबी घालतो."