रेडिओमावशीचं भाषांतर

दवाखान्यात फरशी पुसणाऱ्या मावशीला सगळे 'रेडिओ' म्हणायचे. बाईच्या तोंडाला कुलूप म्हणून कधी नव्हतंच! वीस वर्षं डॉक्टरांच्या खोल्या पुसता पुसता तिने त्यांची भाषाही उचलली होती. त्यामुळे आपल्या भाषेतलं कुणी मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे आलं, की आतून हाक यायची, "मावशी, बादली ठेवा आणि इकडे या."

पण मावशीला एक खोड होती. लोकांचं बोलणं ती धुऊनपुसून पुढे द्यायची. कुणी म्हणालं, "नवरा मारतो," की मावशी सांगणार, "घरात जरा कुरबूर आहे." आपल्या माणसांची लाज परक्यापुढे कशाला उघडी पाडायची, असं तिला मनापासून वाटे. दुष्टपणा नव्हता हो त्यात, माया होती.

त्या दिवशी शिवणकाम करणारी एक बाई आली, मुलाला घेऊन. आतापर्यंत तोच आईचं बोलणं डॉक्टरीणबाईंना सांगायचा, आणि लेकासमोर ती "झोप लागत नाही" यापलीकडे चकार शब्द काढत नसे. आज डॉक्टरीणबाईंनी त्याला बाहेर बसवलं आणि मावशीला बोलावलं.

बाईने मागे वळून दार लागलंय ना ते पाहिलं. मग म्हणाली, "मावशी, मला जगायचं नाही. मी ठरवलंय."

मावशीच्या तोंडातून सवयीने निघालं, "त्या म्हणतात, कशात मन लागत नाही, फार थकवा आलाय."

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली, धीर दिल्यासारखं हसल्या आणि झोपेच्या गोळ्या वाढवून लिहायला लागल्या.

शिवणवाली त्यांच्याकडे टक लावून बघत होती. भाषा येत नसली म्हणून काय झालं, चेहरा तर कळत होता ना! "मावशी," ती हळूच म्हणाली, "मी मरणार म्हणाले, आणि या हसतायत?"

'काय गं भवाने,' मावशीने मनात स्वतःलाच फटकारलं, 'माया माया म्हणत या बाईचा जीव घेशील!'

"थांबा डॉक्टर, लिहू नका. मी खोटं सांगितलं." आणि तिने ते शब्द जसेच्या तसे सांगितले, 'त्या म्हणतात'सुद्धा न लावता. सांगताना तिला रडू आवरेना.

डॉक्टरीणबाईंनी पेन ठेवलं आणि खुर्ची पुढे ओढली. "कसं ठरवलंय, ते विचारा. आणि मावशी, एक शब्दही गाळू नका."

मावशीने विचारलं. शिवणवालीने पिशवीत हात घातला, सुयांची डबी काढली आणि उघडली. आत सुया नव्हत्या. आतापर्यंत मिळालेल्या झोपेच्या सगळ्या गोळ्या होत्या, एकही न घेता साठवलेल्या. डबी तिने टेबलावर ठेवली नाही, मावशीच्या हातात दिली.

"हे पण सांगा," ती म्हणाली.