स्वोर्ड्सच्या वाळूतली बांडी

या सदरातले अनुभव मी संध्याकाळच्या चहाबरोबर वाचते आणि बहुतेकांवर हसते. 'अचानक गारवा जाणवला' हे वाक्य आलं की निखिलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवते. तो डॉक्टर, मी सॉफ्टवेअर टेस्टर. चूक कुठे आहे ते शोधणं हाच दोघांचा धंदा. भूत, चकवा, संकेत... यांना आमच्या घरात थारा नाही, माझ्या माहेरीही नव्हता. म्हणून हे लिहायला मला एवढा वेळ लागला, आणि आजही मी जरा ओशाळूनच लिहिते आहे. हसायचं असेल तर खुशाल हसा. तुमच्या जागी मी असते तर हसलेच असते.

आधी माहेरचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझे आईबाबा मूळचे वर्ध्याकडचे. बाबा केंद्र सरकारच्या भूजल खात्यात होते. मी चार वर्षांची असताना त्यांची बदली राजस्थानात, बाडमेरजवळ झाली. वाळवंटात पाणी कुठे लागेल ते शोधायचं काम. नातेवाईक म्हणाले, दोन वर्षं काढा आणि परत या. बाबांनी तिथेच जमीन घेतली, गावापासून सुटं असं तीन खोल्यांचं घर बांधलं आणि रिटायर झाल्यावरही तिथेच राहिले. आईने वीस वर्षं कुरकुर केली, पण तीही कुठे गेली नाही.

त्या घराचं अंगण म्हणजे नुसती वाळू, आणि त्या वाळूत साप. पिवणा नावाचा एक होता. तो झोपलेल्या माणसाचा श्वास पिऊन जातो असं तिथले लोक मानायचे. बाबा म्हणायचे, "काही पीत नाही. चावते, पण चावल्याचं समजत नाही, एवढंच." पण सगळ्यांत जास्त म्हणजे बांडी. आपल्याकडच्या फुरशाची ती तिकडची बहीण. हातभर लांबीचा जीव, पण माणूस न्यायला पुरेसा. बांडी सरळ जात नाही, आडवी आडवी सरकते. त्यामुळे वाळूत नागमोडी रेघ न उमटता सुट्या तिरक्या रेघा उमटतात, एकीखाली एक, आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला एक बारीक वळण.

तिन्हीसांजेला आई खराटा घ्यायची आणि फाटकापासून दारापर्यंत सगळी वाळू सपाट करत यायची. उलट्या पावली, म्हणजे तिची स्वतःची पावलं मागे राहू नयेत. आम्ही याला 'पाटी पुसणं' म्हणायचो. पाटी पुसली की सकाळपर्यंत कोणी अंगणात उतरायचं नाही. सकाळी बाबा आधी दाराशी येऊन पाटी वाचायचे. उंदीर, घोरपड, कोल्हा... आणि साप. रेघ आत आली आणि बाहेर गेली, तर चहा ठेवा. आत आली आणि बाहेर गेली नाही, तर ती सापडेपर्यंत कोणी पाय खाली ठेवायचा नाही! सहामाहीचा गणिताचा एक पेपर मी खाटेवर बसून बुडवला आहे, आणि शाळेत ते कारण चाललंही.

मी उतावळी होते. पाटी न वाचताच धावत सुटायचे. म्हणून आई कधीकधी पहाटे उठून बोटाने स्वतःच खोटी बांडी काढून ठेवायची, मी बघते का ते तपासायला. तिला काही ती नीट काढता यायची नाही. बाबा पोट धरून हसायचे. मग ती म्हणायची, "हसा तुम्ही. पण थांबली नं? झालं माह्यं काम."

आई गेली तेव्हा माझी मुलगी इरा दहा महिन्यांची होती. आम्ही तोवर डब्लिनला आलो होतो. बाबांना इकडे या म्हणून विनवलं, वर्ध्याला जा म्हणूनही सांगितलं. ते हलले नाहीत. खराटा मात्र त्यांनी हातात घेतला. रोजच्या फोनवर मी पहिला प्रश्न विचारायचे, "पाटी वाचली का?" आणि ते म्हणायचे, "वाचली. कोरी हाय." म्हणजे सगळं ठीक.

इथे आम्ही डब्लिनजवळच्या स्वोर्ड्स गावी राहतो, विमानतळाच्या अगदी जवळ. आयर्लंडमध्ये साप नाहीत, हे तुम्हाला माहीत असेलच. एकही नाही. मी तर लोकांना सांगायचे की पगारासाठी नाही, त्यासाठीच हा देश निवडला. २०२० च्या लॉकडाउनमध्ये विमानं थांबली, शाळा बंद झाली, निखिल सतत हॉस्पिटलमध्ये. घरात कोंडलेल्या इराला गुंतवायला मी मागच्या गार्डनमध्ये ठेवायला झाकणवाला प्लॅस्टिकचा सँडपिट, म्हणजे खेळायच्या वाळूचा छोटा हौद, मागवला. आणि तिला पाटीचा खेळ शिकवला. संध्याकाळी पट्टीने वाळू सपाट करायची, सकाळी वाचायची. शेजारच्यांचं मांजर, मॅगपाय पक्षी, गोगलगाय. सापाचं मी तिला कधीच सांगितलं नाही. जे इथे नाही त्याची भीती कशाला घालायची?

२०२१ चा एप्रिल. भारतातली दुसरी लाट ज्यांनी लांबून पाहिली त्यांना वेगळं सांगायला नको. बाबांना ताप आला. टेस्ट पॉझिटिव्ह. एकटे घरात. दोन शेतं पलीकडे राहणारा हेमाराम रोज फाटकावर डबा ठेवून जायचा, पण आत कोणी येत नव्हतं. मी ऑनलाइन मागवून दिलेला ऑक्सिमीटर त्यांच्याकडे होता. मी दिवसातून तीनदा फोन करायचे आणि ते आकडा सांगायचे.

"किती आहे, बाबा?"

"शहाण्णव. एकदम ग्रँड." हा आयरिश 'ग्रँड' त्यांनी माझ्याकडून उचलला होता, मला चिडवायला.

निखिल म्हणायचा, व्हिडिओ कॉल करायला सांग, मला श्वास बघायचाय. बाबा म्हणायचे, नेटवर्क नाही. मी जाऊ शकत नव्हते. मनात सारखं एकच... हा माणूस आपल्याला दिसणार का परत?

नवव्या दिवशीची गोष्ट. आदल्या संध्याकाळी पाऊस येणार असं दिसत होतं, म्हणून मी आणि इराने वाळू सपाट केली आणि वर झाकण लावलं. वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर दोन विटा ठेवल्या. पाऊस पडलाही. सकाळी सव्वासातला मी किचनमध्ये होते, निखिल ड्यूटीवरून येऊन नुकताच झोपला होता. इरा मागच्या दारातून म्हणाली, "आई, कॅन यू टेक द ब्रिक्स ऑफ?" मी विटा काढल्या, तिने झाकण उचललं आणि मला म्हणाली, "लुक, समबडी वॉज डूइंग वन्स."

वाळूत एकाखाली एक असे नऊ 'एक' काढलेले होते. तिरके, प्रत्येकाच्या टोकाला बारीक वळण. एका कडेपासून सुरू होऊन मधोमध संपलेले. बाकी सगळी वाळू आम्ही सोडली होती तशीच सपाट.

माझे पाय तिथेच थिजले. लहानपणाची सवय, दुसरं काय. डोक्याने म्हटलं, आयर्लंड, झाकण, विटा. पण तोंडातून निघालं, "आत गेली. बाहेर आली नाही."

मी इराला आत ओढलं. एक फोटो काढला आणि लगेच बाबांना फोन लावला. तिकडे पावणेबारा वाजले होते. बराच वेळ रिंग वाजत राहिली. उचलला तेव्हा आवाज ओढल्यासारखा येत होता.

"बाबा, तुम्ही कुठे आहात?"

"खाटेवर. उठूनच राहिलो होतो... बाथरूमले जातो म्हटलं."

"पाय खाली ठेवू नका."

"काऊन?"

"पाटी पुसली होती का काल?"

ते म्हणाले, "आठ दिवस झाले, नाही पुसली. वाकलं की दम लागते बेटा." आठ दिवस ते मला 'कोरी हाय' सांगत होते.

मी फोटो पाठवला. काय बोलले ते धड आठवत नाही, रडत होते एवढं आठवतं. बाबा नास्तिक माणूस. मला वाटलं, आता ते झापणार. पण नाही. फोटो बघत असावेत. मग अगदी हळू म्हणाले, "बरं. नाही ठेवत पाय खाली. हेमारामले बोलावतो."

आता ही गोष्ट नीट समजून घ्या. त्या गावात कोविडच्या घराचा उंबरा कोणी ओलांडत नव्हतं, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, सगळेच घाबरले होते. पण साप घरात शिरलाय म्हटल्यावर तिथे कोणी विचार करत बसत नाही. हेमाराम तोंडाला पंचा बांधून दहा मिनिटांत काठी आणि चिमटा घेऊन हजर झाला. नऊ दिवसांत घरात आलेला तो पहिला माणूस. त्याने खाटेखाली पाहिलं, माठामागे पाहिलं, चपला उलट्या केल्या, धान्याची कोठी सरकवली. मी फोनवर ऐकत होते. मग फोन त्याने घेतला.

"बाईसा, सांप कोनी," तो म्हणाला. साप नाही. "पण साब रा होठ नीला है."

निखिलला मी हलवून उठवलं. त्याने फोनवर चार प्रश्न विचारले आणि ओरडलाच, "आत्ताच्या आत्ता गाडीत घाला!" हेमारामने पिकअपमध्ये गादी टाकून बाबांना बाडमेरला नेलं. तिथे ऑक्सिजन सत्तरच्या आसपास निघाला. नशिबाने बेड मिळाला. संध्याकाळपर्यंत थांबलो असतो तर, असं मी निखिलला नंतर एकदा विचारलं. तो म्हणाला, "नको विचारूस."

ऑक्सिमीटर टीव्हीशेजारी होता. खोक्याचं सील फोडलेलंही नव्हतं.

धावपळ संपल्यावर मी सँडपिटकडे परत गेले तेव्हा इराने फावड्याने सगळं उकरून टाकलं होतं. हातात राहिला तो एक फोटो.

अकरा दिवसांनी बाबा घरी आले. तेव्हा मी त्यांच्याशी मनसोक्त भांडले. खोटं का बोललात? नऊ दिवस?

"तू तिकडून काय करणार होती?" ते म्हणाले. "विमान बंद. नुसती रडली असती. म्हटलं, झोपेत गेलो तर गेलो. ठरवलंच होतं मी."

"मग माझं ऐकलंत का त्या दिवशी? तुम्ही तर असलं काही मानत नाही."



"तुझं कुठं ऐकलं मी," ते म्हणाले. "वैशू, तू तो फोटो नीट पाह्यला काय? रेघ एकीकडे झुकलेली हाय, अन् वळण दुसरीकडे. अशी बांडी जगात नाही. अशी चालली तर सोताच्याच अंगाची गाठ मारून घेईन. अशी बांडी एकच बाई काढे. डाव्या हातानं."

मी फोटो काढून पाहिला. खरं होतं. मी वीस वर्षं त्या वाळूपासून लांब, भीतीने मला फक्त बांडी दिसली. त्यांना ती पाहताक्षणी आई दिसली होती.

"थांबलो मी," ते म्हणाले. "झालं तिचं काम."

टेस्टर आहे, त्यामुळे मी सगळ्या शक्यता तपासल्या. निखिलचं म्हणणं, इराने काढलं असणार. इरा डावखुरी आहे, आजीसारखी, हे खरं. पण विटा तिला उचलवत नाहीत आणि झाकण माझ्यासमोर उघडलं. तिला मी दहा वेळा विचारलं, प्रेमाने विचारलं, चॉकलेट देऊन विचारलं. ती म्हणते, "इट वॉज जस्ट देअर." तिला साप काढायला सांगितला तर ती कुठलंही मूल काढतं तसा नागमोडी साप काढते, वर डोळे आणि जीभ. मी स्वतः काढलं असेल का, अर्धवट झोपेत, काळजीपोटी? मी उजव्या हाताची आहे. डाव्या हाताने काढून पाहिलं. तसं येत नाही. पावसाचं पाणी झिरपून रेघा पडल्या म्हणावं, तर वाळू कोरडी होती. इथे येऊन माझी यादी संपते. तुम्हाला काही सुचलं तर खरंच सांगा, मला ते हवं आहे. फोटो मात्र मागू नका.

बाबा अजून तिथेच आहेत. दम कमी झालाय, तरी तिन्हीसांजेला खराटा घेऊन फाटकापासून दारापर्यंत उलट्या पावली येतात. मीही इथे वाळू सपाट करते, इरा आता मोठी झाली, तिला त्यात रस उरलेला नाही. रोज फोनवर मी विचारते, "पाटी वाचली का?"

"वाचली. कोरी हाय," ते म्हणतात. मग विचारतात, "तुझी?"

"माझीही कोरीच."

"उद्या पाहू," ते म्हणतात, आणि आम्ही फोन ठेवतो. लहानपणी कोरी पाटी ही घरातली सगळ्यांत चांगली बातमी असायची.