पुसलेल्या जांभळ्या खुणा

मशीनवर माझा विश्वास नव्हता आणि खरं सांगायचं तर पालीच्या खंडोबावरही पुरता नव्हता. म्हणून मी दोघांनाही एकदमच कामाला लावलं. १९७० नंतरची, माझ्या ऐन तारुण्यातली गोष्ट. यांच्या घशात गाठ निघाली, फौजेत हुकूम सोडणारा आवाज कुजबुजीवर आला, आणि आम्ही उंब्रजहून सांगलीकडच्या मोठ्या इस्पितळात शेक घ्यायला गेलो. शेक म्हणजे कोबाल्टच्या मशीनचे किरण. मला वाटलं होतं, तापवलेल्या विटेचा देतात तसा असेल. एवढी मी हुशार!

तिथे किरणांचं गणित मांडणारे एक साहेब होते. त्यांनी शिशाची मऊ तार यांच्या मानेभोवती वळवली, तो आकार कागदावर उतरवला आणि कागद मुंबईला धाडला. किरण कुठून, किती तिरके सोडले तर गाठ जळेल आणि मागचा मणका वाचेल, याच्या कितीतरी वाटा तिथलं कॉम्प्युटर नावाचं यंत्र पडताळून बघणार होतं. हाताने मांडायचं तर साहेबांना दोन-चारच जमायच्या. उत्तर येईपर्यंत मी रोज कुरकुर केली. ते आल्यावर साहेबांनी मानेवर जांभळ्या शाईने खुणा केल्या आणि बजावलं, "पाणी लावायचं नाही."

तेलाबद्दल कुठे काय बोलले होते? शेक निम्म्यावर आला असताना एका रविवारी, मशीन बंद आणि देवाचा वार म्हणून, मी भंडारा तेलात कालवून यांच्या मानेला चोळला. पंच्याने पुसायला गेले तर पंचा जांभळा, मान पिवळीधमक आणि खुणा गायब. यांनी आरशात पाहिलं. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आता मशीन कशाला? तूच चुलीवर भाज मला."

मी रडत बसले नाही; त्याहून मोठा शहाणपणा केला. ओली केली की जांभळी उमटणारी कॉपिंग पेन्सिल जिभेला लावली आणि अंदाजाने फुल्या मारायला लागले. धर्मशाळेत शेजारी जतकडची एक बाई होती, तिच्याही नवऱ्याला शेक चालू होता. तिने माझा हात धरला.

"अक्का, काय करायलीस?"

"हितंच हुत्या गं. मला ठावं हाय."

"मुंबईच्या यंत्रानं इतकं दिस घालवलं, आनि तू लुगड्यावर फुलं काढल्यागत काढायलीस? ऊठ. सायबास्नी सांगायचं."

"हाकलतील की."

"हाकलू देत. मी हाय संगं."

सोमवारी साहेबांच्या दाराशी ती माझा हात धरून उभी राहिली. साहेब भयंकर रागावले. मग पुन्हा तार वळवली आणि नवा आकार जुन्या कागदावर ठेवला. नवा आकार जुन्याच्या आत बसत होता. हे इतके वाळले होते. "हे मीच आधी मोजायला हवं होतं," साहेब हळूच म्हणाले. "जुन्या गणिताने आता मणक्यावर जास्त किरण गेले असते."

नवं गणित मुंबईला गेलं. या खेपेला वाट बघताना मी देवाला एकही सूचना केली नाही. हे देवाने केलं का, ते मला विचारू नका. वेडेपणा माझा होता, आणि त्यातूनच हे वाचले, एवढंच मला ठाऊक आहे.

आमचा शेक संपला त्या दिवशी ती जतकडची बाई म्हणाली, "तुजं झालं. माजं कसं हुतंय बगू. जाताना भेटून जा, अक्का." मी व्हय म्हटलं. पण एसटीची वेळ झाली होती, खंडोबाचा नवस फेडायची घाई होती. मी तशीच गेले. तपासणीला परत आलो तेव्हा कळलं, तिचा नवरा गेला. सिस्टर म्हणाली, बाई दिवसभर बाकावर एकटीच बसली होती, सोबत कुणी नव्हतं. गाव कुठलं, सिस्टरला माहीत नव्हतं. मला तरी जतकडचं यापलीकडे कुठे होतं? तिच्या हातची भाकरी खाल्ली, आणि तिचं नावसुद्धा विचारलं नाही.

यांचा आवाज परत आला, मला ओरडण्यापुरता, आणि पुष्कळ वर्षं टिकला. त्या वर्षांसाठी मी रोज हात जोडते. पण मागणं आता राहिलं नाही. "तुला हवं तिथं मला बसव," एवढंच म्हणते. इस्पितळात कुणाला बघायला गेले आणि बाकावर एखादी बाई एकटी दिसली, की नात हात ओढत असली तरी मी तिच्याशेजारी टेकते. फार बोलत नाही. नाव-गाव मात्र आधी विचारून घेते.