ह्यांच्या हातातलं साडूचं दुकान

आमचे हे वर्ध्याच्या बाजारात कुलुपं विकतात. कुलुपं, कड्या, बिजागऱ्या, दाराचं सगळं. प्रत्येक कुलपासोबत गिऱ्हाइकाला एक उपदेश फुकट मिळतो, "दुसरी चावी येगळी ठेवजा, दोन्ही एकाच जागी नोका ठेवू." इतका दूरदृष्टीचा माणूस. त्यानं वयाच्या चोपन्नाव्या वर्षी स्वतःच्या हातात एनएफसी चिप बसवून घेतली आणि नंतर ती सुरक्षित केली. बसवली त्याचं मला एवढं काही वाटलं नव्हतं. सुरक्षित केली तिथून खरा घोळ सुरू झाला.

चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी. बँकेचं कार्ड मशीनला टेकवलं की मशीन ओळखतं ना, त्यातलाच प्रकार. ही नळी अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधे कातडीखाली सरकवतात. मग कोणी आपला मोबाइल तिथे टेकवला की त्याच्या स्क्रीनवर आपण ठरवलेलं काहीतरी उघडतं. ह्यांनी ठरवलं होतं, आपल्या दुकानाचं पान उघडायचं. छापलेलं कार्ड लोक फेकून देतात, हात कोण फेकणार? हा विचार एका व्हिडिओतून आला होता. ह्यांचे बहुतेक विचार तिथूनच येतात.

नागपूरच्या एका टॅटूवाल्यानं ते काम केलं. मी सोबत होते, कारण धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायलासुद्धा ह्यांना कोणीतरी हात धरायला लागतं. सुई पाहून चेहरा पांढरा पडला.

"अहो, चला, वापस जाऊ," मी म्हटलं.

"आता वापस गेलो तं लोक काय म्हनतीन?"

लोकांना अजून पत्ताही नव्हता. पण पुढच्या महिन्याभरात तो लागला. नालवाडीत आमच्या गल्लीतला एकही माणूस सुटला नाही. कोणी नमस्कार केला की हे हात पुढे करायचे आणि म्हणायचे, "फोन काढा तुमचा." दूधवाला तर आमच्या दारात किटली ठेवून घंटी वाजवायचा आणि लांब उभा राहायचा.

मग नाचणगावला ताईच्या नातवाचं बारसं आलं. ताई माझी मोठी बहीण. तिचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी आणि ह्यांचे साडू, पुलगावात चपला-बुटांचं दुकान चालवतात. माणूस शांत, गालातल्या गालात हसणारा. त्या दुपारी मांडवात बाळ पाळण्यात एकटंच पडलं होतं आणि सगळे पुरुष ह्यांच्या हाताभोवती. भाऊजींनी ह्यांचा हात पत्रिका बघणाऱ्या गुरुजींसारखा मांडीवर घेतला, खालून आपला मोबाइल लावला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"काय करून राह्यले साडूभाऊ?" ह्यांनी विचारलं.

"काई नाई. नीट वाचून राह्यलो."

ह्यांना काय आनंद झाला! इतक्या बारकाईनं आजवर कोणी वाचलं नव्हतं. जाताना म्हणाले, "तुह्या भाऊजीले अक्कल आहे, मी उगाच त्याले साधा समजत होतो."

आठच दिवसांनी व्यापाऱ्यांची बैठक होती. हे इस्त्रीचा शर्ट घालून गेले. तिथे भाषण केलं, व्यापार कसा बदलतो आहे वगैरे, आणि शेवटी अध्यक्षांना फोन टेकवायला लावला. अध्यक्षांनी चष्मा लावून स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचलं, "लग्नाच्या मोजड्या, लेडीज सँडल, पावसाळी बूट. पुलगावात एकदा अवश्य या."

हे घरी आले ते चहासुद्धा न मागता. सोफ्यावर बसून स्वतःच्या हाताकडे पाहत राहिले. मला वाटलं, तब्येतच बिघडली. मग हळूहळू कळलं, की अशी चिप उघडी असेल तर कोणीही तिच्यातलं जुनं पुसून आपलं लिहू शकतं. भाऊजींनी बारशात तेच केलं होतं, बसल्या जागी, सगळ्यांच्या समोर. मला हसू आलं. ते मी आत जाऊन हसले, इतका संसार मला कळतो.

संध्याकाळपर्यंत ह्यांनी एक अॅप शोधून काढलं. शरीरात बसवलेल्या चिपचं रक्षण करणारं अॅप! त्यावर ढालीचं चित्र. चिपला पासवर्ड लावायचा, की मग दुसऱ्या कोणाला तिच्यात लिहिता येत नाही, एवढंच त्याचं काम. मी मेथी निवडत होते.

"आधी ते चपलांचं पुसा ना," मी म्हटलं.

"तुले नाई समजत. चोर घरात शिरला तं आधी दार लावतेत."

चोर आत असताना दार लावायचं ही कुलूपवाल्याची अक्कल. अॅपनं तीन वेळा लाल अक्षरात बजावलं, की हे कायमचं आहे, परत फिरवता येणार नाही. "कायमचं म्हनजे पक्कं काम," ह्यांनी मला समजावलं आणि तिन्ही वेळा होकार दाबला. पासवर्ड टाकायच्या वेळी मला स्वयंपाकघरात पाठवलं. पासवर्ड बायकोलाही सांगायचा नसतो म्हणे. मी मेथीसकट उठून गेले.

पाचेक मिनिटांनी बाहेरून हाक आली, "अवं, इकडे ये बरं."

कुलूप लागलं होतं. आत मोजड्या, सँडल आणि पावसाळी बूट सुखरूप होते. पुसायला पासवर्ड हवा होता, आणि पासवर्डातलं पहिलं अक्षर मोठं होतं की लहान ते ह्यांना आठवत नव्हतं. शेवटी अंक होता की नव्हता, तेही नाही. तीनदा चुकल्यावर अॅपनं पुढे विचारणंच बंद केलं.

"कुठं लिहून ठेवला होता का?" मी विचारलं.

"लिहून ठेवला तं सुरक्षा कायची?"

टॅटूवाल्याला फोन केला. तो म्हणाला, काढा आणि नवी बसवा. म्हणून वर्ध्यातल्या एका सर्जनकडे गेलो. डॉक्टरांनी हात दाबून पाहिला. "दुखतं का?"

"दुखत नाई. पन जाहिरात चालू आहे."

डॉक्टरांनी आपला फोन टेकवला, पान शांतपणे वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "काढता येईल. टाका घालावा लागेल. घाई नाही. ही काळी सँडल आठ नंबरमधे मिळेल का हो?"

हे टाक्याला घाबरले की डॉक्टरांवर रागावले, ते मी विचारलं नाही. पण चिपचा उजवा हात खिशात घालून फिरायला लागले. दुकानात गिऱ्हाइकाशीही डाव्या हातानं बोलायचे. महिनाभर चिपचं नाव नाही. तेव्हा पहिल्यांदा मला वाईट वाटलं. मिरवणारा माणूस गप्प झाला की घर रिकामं वाटतं. शेवटी मीच ताईला सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ताई आणि भाऊजी नालवाडीत हजर. भाऊजी दारातच उभे, मान खाली.

"मले वाटलं, तुमी घरी जाऊन पुसून टाकसान. गंमत केली जी मी. तुमी त्याले कुलूप काऊन लावलं?"

ह्यांनी हात खिशात आणखी खोल घातला. ताईनं भाऊजींना बसवलं, मी पोहे टाकले. मग भाऊजी अडखळत म्हणाले, "एक सांगू? वर्ध्याचे चार-पाच लोक आले दुकानात. तुमच्या हातानं पाठवले म्हने. एक तं डॉक्टर होते."

ह्यांनी इतक्या दिवसांनी मान वर केली. "आठ नंबर भेटला त्यायले?"

"भेटला."

भाऊजींनी मग फोन काढला. चिपमधे फक्त भाऊजींच्या पानाचा पत्ता होता. पत्ता बदलता येत नव्हता, पण त्या पत्त्यावरचं पान भाऊजींचंच होतं, आणि त्यात काय लिहायचं ते त्यांच्या हातात होतं. पोहे थंड होईपर्यंत दोघांनी मिळून पावसाळी बुटांच्या खाली एक ओळ टाकली: मजबूत कुलुपं आणि कड्या, वर्ध्याला आमच्या साडूभाऊंकडे.

"वर घ्या ना ते," हे म्हणाले.

"पान माह्यं हाये, साडूभाऊ. वर मोजड्याच राहतीन."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी दोघांचा फोन चालतो. कुलपाचा फोटो मोठा हवा, सँडलचा लहान करा, अक्षरं लाल नको. ह्यांनी परत हात पुढे करायला सुरुवात केली आहे. समोरच्याला आधीच सांगतात, "खाली पाहा, खाली. वरचं ते साडूचं आहे."