थोरल्या साडूंची लेन्स

आमच्या थोरल्या साडूंइतके कमी फोटो काढलेला छायाचित्रकार अख्ख्या वऱ्हाडात शोधून सापडायचा नाही. छायाचित्रकार हा शब्द माझा नव्हे, त्यांचा. बुलढाण्याला त्यांच्या घराच्या फाटकावर नावाखाली 'सेवानिवृत्त' आणि त्याखाली 'छायाचित्रकार' असं रंगवून घेतलेलं आहे, आणि यातलं पहिलं तेवढं खरं आहे. तुम्ही म्हणाल, हौस नसेल. हौस इतकी, की गळ्यातला कॅमेरा फक्त आंघोळीपुरता खाली उतरतो. पण फोटो काढायचा तर आधी लेन्स ठरवावी लागते, आणि मी त्यांना ओळखतो तेव्हापासून ती ठरतेच आहे. माझ्या लग्नात ते मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "मास्तर, लेन्सचं एकदा पक्कं होऊ द्या, मंग तुमचा जोडीचा असा फोटो काढतो का पाहातच राहाल." आता माझी मुलगी लग्नाची झाली. आम्ही उभयता अजून पाहातच आहोत.

कॅमेरा रिळाचा आहे. जळगाव जामोदला एक फोटो स्टुडिओ बंद पडला तेव्हा त्यांनी तो मालकाकडून मिळवला. तळहातावर मावेल एवढा, काळा, दिसायला देखणा. त्याची तऱ्हा अशी की त्यात लेन्समधून बघायचंच नसतं. वरच्या कोपऱ्यात काचेची एक छोटी खिडकी असते, तिच्यातून बघायचं. खिडकीच्या मधोमध एक पिवळसर चौकोन असतो आणि त्या चौकोनात समोरचा माणूस दोन-दोन दिसतो. लेन्सवरची रिंग फिरवत गेलं की ते दोघे सरकत सरकत एकमेकांवर येतात. दोघांचा एक झाला की नेम लागला असं समजायचं आणि कळ दाबायची. हे सगळं त्यांनी मला माझी काडीची इच्छा नसताना शिकवलं आहे. "खिडकी येगळी, लेन्स येगळी, दोघींचं एकमेकींशी देणंघेणं नाई," हे त्यांचं वाक्य तर मी झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. आक्काला ते माझ्याआधीपासून पाठ आहे. आक्का म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण.

तर या कॅमेऱ्याला तीन लेन्स लागू होतात. अठ्ठावीस मिलिमीटरच्या लेन्समध्ये अख्खं घर मावतं, पण घरातली माणसं मुंगीएवढी होतात. नव्वदच्या लेन्समध्ये नुसतं तोंड येतं, आणि ज्याचं तोंड त्यालाच ते आवडत नाही. चाळीसची मधली, आपल्या डोळ्याला दिसतं साधारण तसं दाखवणारी. तुम्ही-आम्ही काय केलं असतं? मधली लावली असती आणि कामाला लागलो असतो. पण आमच्या साडूंनी तहसील कचेरीत उभी नोकरी काढली ती फायलीवर 'चर्चा करावी' हा एकच शेरा मारून. या शेऱ्यावर माणूस पेन्शनीपर्यंत बिनधोक पोहोचतो, हे त्यांनी सिद्ध करून दाखवलं आहे. तोच शेरा त्यांनी लेन्सवर मारला. तिन्ही लेन्स त्यांनी कुठून कुठून जमवल्या, मऊ फडक्यांत गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवल्या, आणि कोणी फोटोचं नाव काढलं की चर्चा सुरू.

ही चर्चा फोटोपुरती राहिली असती तरी चाललं असतं. पण हळूहळू त्यांना सगळी दुनियाच मिलिमीटरमध्ये दिसायला लागली. हॉटेलात शिरले की आधी दारात उभं राहून डोळा बारीक करणार आणि म्हणणार, "हा टेबल चाळीसचा नाई, मास्तर, इथं अठ्ठावीसच पाह्यजे." मग आम्ही दुसऱ्या टेबलावर. माणसांचीही त्यांनी अशीच वर्गवारी केलेली. त्यांचे शेजारी नव्वदचे, म्हणजे लांबूनच बरे. माझं घर अठ्ठावीसचं, कारण माणसं फार आणि जागा कमी. आक्का कितीची, हे मी एकदा विचारलं. त्यांनी डोळा बारीक करून आत पाहिलं आणि म्हणाले, "ते अजून ठरलं नाई." आक्का आतून म्हणाली, "एवढा संसार झाला, आता काय कमिटी बसवता?"

एकदा त्यांनी मला लोणारला नेलं, सरोवराचा फोटो काढायला. चाळीसची लावून काठावर उभे राहिले. सरोवर खिडकीत मावेना. "अठ्ठावीस आणाले पाह्यजे होती," म्हणाले आणि आम्ही परत आलो. पुढच्या खेपेला अठ्ठावीस आणली, तर म्हणाले, "हे तं बशीत चहा सांडल्यासारखं दिसून राह्यलं." पुन्हा परत. तिसऱ्यांदा मी गेलो नाही. ते एकटे गेले आणि एकही फोटो न काढता अत्यंत समाधानानं घरी आले. म्हणाले, जागा आता पुरती समजली.

आणि ज्या एका दिवशी लेन्स खरोखर ठरली, त्या दिवसाचं काय सांगू. त्यांच्या पुतण्याचं लग्न होतं, विहाराच्या मंडपात. साडूंनी सकाळीच चाळीसची लावली आणि जाहीर केलं की आज चर्चा बंद. त्रिशरण-पंचशील सुरू झालं तसे ते वाकले, गुडघ्यावर बसले, एकदा तर वधूच्या मामांच्या पायांमधून नेम धरला. पूर्ण रीळ संपवलं. रीळ धुवायला पुण्याला गेलं आणि परत आलं ते कोरं. लेन्सचं टोपण काढायचंच राहिलं होतं. खिडकीतून सगळं लख्ख दिसत असतं, टोपण असतं लेन्सवर, त्यामुळे काढणाऱ्याला पत्ता लागत नाही. बाकी मंडपात ते सगळ्यांना दिसलं होतं. भन्तेजींनाही दिसलं होतं. त्यांना वाटलं, हा एवढा जाणकार माणूस, असेल काही पद्धत. साडूंनी ते कोरं रीळ उजेडात धरून नीट पाहिलं आणि निकाल दिला, "चाळीस चुकली. नव्वद लावाले पाह्यजे होती." अशा माणसाशी तुम्ही काय वाद घालणार?

मागच्या हिवाळ्यापासून मात्र त्यांनी नवीनच तक्रार काढली. खिडकीतल्या दोघांचा एक होत नाही. रिंग कितीही फिरवा, एकाच्या कडेला दुसरा धुरकट उभाच. मग नव्वद काढून चाळीस लावली, चाळीस काढून अठ्ठावीस. दोघींचं देणंघेणं नाही हे मला पाठ करायला लावणारा माणूस खिडकीतला दोष लेन्स बदलून घालवायला बघत होता. शेवटी कॅमेरा पुण्याच्या कारागिराकडे पाठवला. त्यानं तो ठणठणीत आहे म्हणून परत पाठवला, तर साडूंनी कारागिरालाच नव्वदच्या यादीत टाकलं. मी एकदा घेऊन पाहिलं. समोरच्या नळाचे दोन नळ झाले, रिंग फिरवली, एक झाला. मी तसं सांगितलं.

"तुमची नजर अडाणी हाये, मास्तर," ते म्हणाले. "तिले फरक समजत नाई."

पण मग ते चहा कपाच्या शेजारी ओतायला लागले. रस्त्यात परक्या माणसाला थांबवून "जयभीम, मास्तर" म्हणायला लागले, आणि मी पुढे आलो की सरळ निघून जायला लागले. धाड गावच्या बाजारात तर त्यांनी आक्काला मागे बसवून स्कूटर वांग्यांच्या ढिगात घातली. आक्का अंगावरची वांगी झटकत उठली, तिनं दुकानदारिणीची माफी मागितली, आणि घरी आल्यावर मला फोन केला. "मास्तर, कॅमेऱ्याले काई झालं नाई. यायचे डोये गेले. तुमी घेऊन चला, माहं ऐकत नाई हे."

डोळ्यांची डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं तपासलं आणि सांगितलं, दोन्हीकडे मोतीबिंदू आहे, उजवा जास्त वाढलाय. म्हणून तर चौकोनातल्या दोघांचा एक होत नव्हता. "काका, डोळ्यातली गढूळ झालेली लेन्स काढायची आणि दुसरी बसवायची."

लेन्स म्हटल्याबरोबर साडूंनी खुर्ची पुढे ओढली. मी मनात म्हटलं, मेलो.

"कोणती?" त्यांनी विचारलं.

तिनं बिचारीनं सरळपणानं समजावून सांगितलं. लांबचं स्वच्छ दिसणारी बसवली तर वाचायला चष्मा लागेल. जवळचं दिसणारी बसवली तर लांबचं बघायला चष्मा लागेल. सगळीकडचं दाखवणारीही एक मिळते, पण यांच्या डोळ्याच्या पडद्याला ती चालणार नाही. "तुम्ही निवडा. फक्त एक आहे काका, ही बसवली की कॅमेऱ्यासारखी काढून दुसरी लावता येत नाही."

साडूंचा चेहरा असा झाला की मला वाटलं, यांना पाणी द्यावं. आयुष्यात प्रथमच त्यांच्यासमोर असा कागद आला होता ज्यावर शेरा मारून तो पुढच्या टेबलावर ढकलता येत नव्हता. ते उठले आणि म्हणाले, "विचार करून सांगतो." मागून डॉक्टर म्हणाली, फार थांबू नका, मोतीबिंदू पिकून डोळ्यात दाब वाढला तर गेलेली नजर परत आणता येत नाही. हे मी ऐकलं. त्यांनी ऐकलं की नाही देव जाणे.

त्यानंतर उन्हाळा सगळा चर्चेत गेला. लांबची घ्यावी, राजूरच्या घाटातले डोंगर दिसतील, एसटीची पाटी वाचता येईल. पण जवळची घ्यावी, पेपर वाचता येईल, लेन्सवरचे बारीक आकडे दिसतील. मी म्हटलं, काहीही घ्या पण घ्या. त्यावर मला ऐकावं लागलं की मास्तरकीनं माणसाला उथळपणा येतो. एकीकडे उजव्या डोळ्यापुढचं धुकं दाट होत चाललं. जिन्याची पायरी चुकली, हात खरचटला, तरी चर्चा चालूच. शेवटी आक्कानं त्यांच्याशी बोलणं टाकलं. रोज समोर तोंड फुगवून बसायची. पण बायकोचा राग दिसायलाही डोळे लागतात.

"सारा जनम माहा एक फोटो काढला नाई," ती मला म्हणाली. "मी कधी बोलली काय? नाई काढला तं नाई काढला. पण आता डोया जाऊन राह्यला, मास्तर, अन् हे अजून ठरवूनच राह्यले. उद्या मी समोर बसली तं यायले समजन तरी का मी बसली म्हणून?" बोलता बोलता तिला रडू आलं. आक्काला रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगतो, त्या दिवशी मला साडूंचा मनापासून राग आला.

दोन शब्द सुनवायचेच असं ठरवून मी सकाळीच त्यांच्याकडे गेलो. ते व्हरांड्यात नेहमीच्या खुर्चीवर होते. समोर ओट्यावर आक्का अंबाडीची भाजी निवडत बसली होती, रोज बसते तशीच, पण अबोला धरून. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी उठून मला खुर्चीत बसवलं आणि कॅमेरा हातात दिला.

"पाहा खिडकीतून. हे दोन दिसते का?"

हे म्हणजे आक्का. "दिसतात," मी म्हटलं.

"एक करा."

मी रिंग फिरवली. दोन आक्का जवळ आल्या, एक झाली. भाजीच्या काड्या मोडत होती, मान खाली.

"झाली."

"रिंगवर आकडा कोणता आला?"

"दीड मीटरच्या जरा अलीकडं."

त्यांनी रिंगला हात लावू दिला नाही. कॅमेरा तसाच छातीशी धरला, चपला घातल्या आणि म्हणाले, "चला डॉक्टरीणबाईकडं."

तिथं त्यांनी कॅमेरा टेबलावर ठेवला. "नेम इथं बसवा," म्हणाले.

डॉक्टर आकडा बघून हसली आणि मग थोडी गंभीर झाली. "काका, अगदी इतकं मोजूनमापून जमत नाही, पण त्याच्या आसपास आणता येईल. मात्र लांबचंही चष्म्यानं आणि वाचायलाही चष्मा. असं कोणी मागत नाही."

"लांबचं पाहून झालं," ते म्हणाले. "वाचतो चष्म्यानं. माही बायको एवढ्या अंतरावर बसते."

मी भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वाचत बसलो.

उजव्या डोळ्याचं काम छान झालं. आता मी त्यांच्याकडे गेलो की फाटकात असतानाच "कोण हाये बे?" असा आवाज येतो, कारण चष्मा खिशात असतो आणि फाटक त्यांच्या नेमाच्या पार पलीकडे. मी जाऊन आक्काच्या शेजारी ओट्यावर टेकलो की मग म्हणतात, "अरे, मास्तर." डाव्या डोळ्याचं विचाराल तर तिथं अजून चर्चा चालू आहे.

परवा मी असाच टेकलो होतो. साडूंनी कॅमेऱ्यात रीळ भरलं होतं. आक्का केस विंचरून, ठेवणीतलं पातळ नेसून समोर बसली होती. बहुधा पहिल्यांदाच कोणी तिला फोटोसाठी बस म्हटलं होतं. त्यांनी उजवा डोळा खिडकीला लावला, रिंग हळूहळू फिरवली आणि थांबले.

"एकच दिसून राह्यली," ते म्हणाले.

"मंग किती पाह्यजे होत्या?" आक्का म्हणाली.

ते हसले. खिडकीतून बघतच राहिले, बराच वेळ, तिच्या केसांपासून पायांच्या बोटांपर्यंत. लेन्सवर टोपण तसंच होतं. मी पाहिलं आणि सांगायला तोंड उघडलं, तर आक्कानं माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. तिला ते माझ्याआधी दिसलेलं होतं. तिनं पदर नीट केला आणि पुन्हा त्यांच्याकडे बघायला लागली. कळ वाजली.

"झाला," साडू म्हणाले.

"अजून एक घ्या," आक्का म्हणाली, आणि जागची हलली नाही.